नेच्यांमधील स्वफलन आणि अंतःप्रजनन

नेच्यांमधील स्वफलन म्हणजे एकाच नेच्यापासून, किंवा त्याच्या एकाच बीजुकापासून, उत्पन्न झालेल्या नर व मादी गंतुकांचा (लैंगिक पेशींचा) संयोग होऊन नवी वनस्पती निर्माण होण्याची प्रक्रिया होय. निकटच्या आप्त वनस्पतींमध्ये होणाऱ्या अशा प्रजननाला व्यापक अर्थाने अंतःप्रजनन म्हणतात. बहुसंख्य नेच्यांमध्ये एकच सूक्ष्म गंतुकधारी वनस्पती नर आणि मादी अशी दोन्ही प्रजननांगे धारण करू शकते. त्यामुळे एकाच बीजुकापासून, दुसऱ्या कोणत्याही वनस्पतीच्या साहाय्याशिवाय, पूर्ण वाढीचा नेचा तयार होणे शक्य असते. अशा नेच्यातील प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या असतात. बीजधारी वनस्पतींमध्ये अनेक पिढ्यांच्या स्वफलनानंतरही जी अवस्था पूर्णतः येत नाही, ती येथे एका पिढीत येते. हे अंतःप्रजननाचे सर्वांत टोकाचे रूप मानले जाते.

या क्षमतेचे नेच्यांच्या प्रसारावर, जनुकीय विविधतेवर आणि उत्क्रांतीवर कोणते परिणाम होतात, हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वनस्पतिविज्ञानातील महत्त्वाचा प्रश्न राहिला आहे.

जीवनचक्र

नेच्यांच्या जीवनचक्रात दोन स्वतंत्र पिढ्या आलटून पालटून येतात. पाने, खोड आणि मुळे असलेली सर्वपरिचित वनस्पती ही बीजुकधारी पिढी होय. ती द्विगुणित असते, म्हणजे तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात. पानांच्या मागील बाजूस असलेल्या बीजुककोशांत अर्धगुणसूत्री विभाजनाने एकगुणित बीजुके तयार होतात. बहुतेक नेच्यांच्या एका बीजुककोशात ६४ बीजुके असतात आणि एका मोठ्या पानावर अशी लक्षावधी बीजुके निर्माण होऊ शकतात. धुळीसारखी हलकी असल्याने ती वाऱ्याबरोबर दूरवर जातात.

ओलसर जागी पडलेले बीजुक रुजून त्यापासून गंतुकधारी पिढी तयार होते. ही सामान्यतः काही मिलिमीटर आकाराची, पातळ, हिरवी व बहुधा हृदयाकृती असते. महाराष्ट्रात पावसाळ्यात ओल्या दरडी, विहिरींचे काठ, जुन्या भिंती आणि जांभ्याच्या चिऱ्यांवर हंसराजासारख्या नेच्यांची अशी गंतुकधारी उगवतात. मात्र आकाराने लहान असल्याने ती सहसा लक्षात येत नाहीत. गंतुकधारीवर नर अंगे म्हणजे रेतुकाशय आणि मादी अंगे म्हणजे अंदुककलश तयार होतात. रेतुकाशयातून बाहेर पडणारी रेतुके अनेक केसलांच्या साहाय्याने पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंदुककलशापर्यंत जातात व आतील अंदुकाचे फलन करतात. फलनाने बनलेल्या युग्मनजापासून नवी बीजुकधारी वनस्पती वाढते.

नेच्यांच्या गंतुकधारीवरील नर अंगांचे वर्णन कार्ल नेगेली यांनी १८४४ मध्ये केले. मादी अंगे व फलनाची क्रिया मिखाएल लेश्चिट्स-सुमिन्स्की यांनी १८४८ मध्ये दाखवून दिली. या निरीक्षणांना एकत्र गुंफून पिढ्यांच्या एकांतरणाचे तत्त्व व्हिल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये मांडले.

समबीजुक व विषमबीजुक नेचे

नेच्यांच्या सुमारे १०,५०० ज्ञात जातींपैकी जवळजवळ ९९ टक्के जाती समबीजुक आहेत, म्हणजे त्यांची सर्व बीजुके एकाच प्रकारची असतात. अशा बीजुकापासून वाढणारी गंतुकधारी नर, मादी किंवा उभयलिंगी होऊ शकते. तिचे लिंग बीजुकातच ठरलेले नसते. याउलट मार्सिलिया, साल्व्हिनिया व अ‍ॅझोला यांसारखे पाणनेचे विषमबीजुक असतात. त्यांच्या लहान बीजुकांपासून केवळ नर व मोठ्या बीजुकांपासून केवळ मादी गंतुकधारी तयार होतात. एकाच गंतुकधारीवर दोन्ही अंगे नसल्याने या नेच्यांमध्ये टोकाचे स्वफलन शक्य नसते. बीजधारी वनस्पतींचीही स्थिती अशीच आहे, कारण परागकण व भ्रूणकोश या त्यांच्या वेगवेगळ्या गंतुकधारी होत.

फलनाचे प्रकार

समबीजुक वनस्पतींमध्ये फलनाचे तीन प्रकार संभवतात. त्यांतील भेद लक्षात घेतल्याशिवाय नेच्यांतील अंतःप्रजननाचा विचार करता येत नाही.

१. गंतुकधारी-अंतर्गत स्वफलन : एकाच गंतुकधारीवरील रेतुक व अंदुक यांचा संयोग. गंतुकधारी एकगुणित असून तिचे गंतुक साध्या सूत्री विभाजनाने बनतात, त्यामुळे तिची सर्व रेतुके व सर्व अंदुके जनुकीयदृष्ट्या एकरूप असतात. त्यांच्या संयोगातून निर्माण होणारा नेचा प्रत्येक जनुकाच्या बाबतीत समयुग्मजी असतो.

२. आंतर-गंतुकधारी स्वफलन : एकाच बीजुकधारी नेच्याच्या दोन वेगवेगळ्या बीजुकांपासून वाढलेल्या गंतुकधारींमधील संयोग. जनुकीयदृष्ट्या हा प्रकार बीजधारी वनस्पतींतील नेहमीच्या स्वपरागणाशी समतुल्य आहे.

३. आंतर-गंतुकधारी परफलन : दोन वेगवेगळ्या बीजुकधारी नेच्यांच्या बीजुकांपासून वाढलेल्या गंतुकधारींमधील संयोग.

पहिल्या दोन प्रकारांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या नेच्यात एका जनुकाची ‘क’ व ‘ख’ अशी दोन वैकल्पिक रूपे असतील, तर त्याच्या निम्म्या बीजुकांत ‘क’ व निम्म्या बीजुकांत ‘ख’ जाईल. आंतर-गंतुकधारी स्वफलनात या बीजुकांच्या संततीचा यादृच्छिक संयोग होऊन एक-चतुर्थांश नेचे ‘कक’, निम्मे ‘कख’ आणि एक-चतुर्थांश ‘खख’ होतील. म्हणजे विषमयुग्मजता निम्म्यावर येईल. असे स्वफलन सलग चालू राहिल्यास विषमयुग्मजता दर पिढीत निम्मी होत पाचव्या पिढीत मूळच्या सुमारे ३ टक्क्यांवर येते. गंतुकधारी-अंतर्गत स्वफलनात मात्र संतती एकतर ‘कक’ किंवा ‘खख’ असते. ‘कख’ संतती निर्माण होऊच शकत नाही आणि विषमयुग्मजता पहिल्याच पिढीत शून्य होते.

अशा पूर्ण समयुग्मजी नेच्याची सर्व बीजुकेही परस्परांशी एकरूप असतात. परिणामी, केवळ त्याच्याच संततीपासून वाढलेल्या समूहात, नवीन उत्परिवर्तने वगळता, जनुकीय विविधता उरत नाही. त्यानंतर फलन कोणत्याही प्रकारे झाले, तरी बाहेरून दुसऱ्या वंशावळीची बीजुके येईपर्यंत फलनाचा परिणाम तोच राहतो. अशी बीजुके येऊन दोन भिन्न वंशावळींमध्ये परफलन झाल्यास मात्र, ज्या जनुकांत त्या वंशावळी भिन्न आहेत, त्या सर्व जनुकांची विषमयुग्मजता एकाच पिढीत पुन्हा निर्माण होते.

क्लेकोव्स्की–बेकर गृहीतक

समबीजुक नेच्यांत गुणसूत्रांची संख्या असाधारणपणे मोठी असते. आयरीन मँटन यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून नेचे व त्यांच्या आप्त वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या अभ्यासाचा पाया घातला. ए. अब्राहम व सी. ए. निनान या भारतीय संशोधकांनी १९५४ मध्ये ऑफिओग्लॉसम रेटिक्युलेटम या लहानशा नेच्यात १,२६० गुणसूत्रे असल्याचे नोंदवले. कोणत्याही वनस्पतीत नोंदवलेल्या सर्वांत मोठ्या गुणसूत्रसंख्यांमध्ये या जातीची गणना होते.

एडवर्ड क्लेकोव्स्की व हर्बर्ट बेकर यांनी १९६६ मध्ये ही मोठी गुणसूत्रसंख्या आणि स्वफलन यांचा परस्परसंबंध मांडला. त्यांच्या संकलनानुसार समबीजुक नेच्यांच्या एकगुणित संचात सरासरी सुमारे ५७ गुणसूत्रे असतात, तर विषमबीजुक नेच्यांत ही सरासरी सुमारे १३.६ इतकीच आहे. त्यांचा युक्तिवाद असा होता की, उभयलिंगी गंतुकधारींमुळे समबीजुक नेच्यांत स्वफलन वारंवार होत असावे आणि त्यामुळे विविधता झपाट्याने नष्ट होत असावी. या हानीची भरपाई बहुगुणिततेने होत असावी. एकाच जनुकाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यास पूर्ण समयुग्मजी दिसणाऱ्या वनस्पतीतही दडलेली विविधता शिल्लक राहते, आणि निकटच्या पण भिन्न गुणसूत्रांची जोडी जुळून ती अधूनमधून प्रकट होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते.

हे गृहीतक पुढील दोन दशके प्रभावी ठरले. त्यातून दोन तपासण्याजोगी भाकिते निघत होती. नेच्यांच्या समष्टींमध्ये (एका ठिकाणी वाढणाऱ्या एकाच जातीच्या वनस्पतींच्या समूहांमध्ये) समयुग्मजी वनस्पतींचे आधिक्य असले पाहिजे, हे पहिले. मोठ्या गुणसूत्रसंख्येच्या नेच्यांत प्रत्येक जनुकाच्या अनेक कार्यक्षम प्रती आढळल्या पाहिजेत, हे दुसरे.

विकरांच्या अभ्यासातून मिळालेला पुरावा

१९८० च्या दशकात विद्युत् संचारण तंत्राने विकरांची वैकल्पिक रूपे वेगळी करून वनस्पतीची जनुकीय घडण तपासणे सुलभ झाले. क्रिस्टोफर हॉफलर, डग्लस सोल्टिस, पामेला सोल्टिस, जेराल्ड गॅस्टनी आदी संशोधकांनी या तंत्राने नेच्यांच्या नैसर्गिक समष्टींचा अभ्यास केला आणि वरील दोन्ही भाकिते सर्वसाधारण नियम म्हणून टिकली नाहीत.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनारपट्टीवर विपुल असलेल्या पॉलिस्टिकम म्युनिटम या नेच्यात समयुग्मजी व विषमयुग्मजी वनस्पतींचे प्रमाण मुक्त परफलनातून अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी जुळले. जगभर पसरलेल्या टेरिडियम अ‍ॅक्विलिनम या नेच्यातही परफलनच प्रमुख असल्याचे १९८७ मध्ये दाखवण्यात आले. त्याच नेच्यात विकरांच्या जनुकांच्या प्रती द्विगुणित बीजधारी वनस्पतींइतक्याच आढळल्या. हॉफलर व डग्लस सोल्टिस यांनी १९८६ मध्ये अनेक वंशांतील नेच्यांचा आढावा घेऊन, मोठी गुणसूत्रसंख्या असूनही हे नेचे जनुकीय वर्तनाने द्विगुणितच आहेत, असा निष्कर्ष काढला. त्यांच्या पूर्वजांत बहुगुणितता घडून आली असावी आणि पुढे जादा जनुके निष्क्रिय झाली, पण गुणसूत्रांची संख्या मात्र टिकून राहिली, असे स्पष्टीकरण त्यानंतर पुढे आले.

याउलट काही नेच्यांत टोकाचे अंतःप्रजनन खरोखरच आढळले. बॉट्रिकियम डिसेक्टम (१९८५) व बॉट्रिकियम व्हर्जिनियानम (१९८६) या जातींत विषमयुग्मजी वनस्पती अत्यंत विरळ होत्या. या वंशातील गंतुकधारी जमिनीखाली, कवकांच्या साहचर्याने वाढतात. मातीत एका गंतुकधारीचे रेतुक दुसरीपर्यंत पोहोचणे अवघड असल्याने त्यांच्यात स्वफलन प्रबळ ठरते, असे मानले जाते. पश्चिम घाटातील सड्यांवर पावसाळ्यात उगवणाऱ्या ऑफिओग्लॉसम वंशाच्या नेच्यांची गंतुकधारीही अशीच भूमिगत असते.

सोल्टिस दांपत्याने १९९२ मध्ये उपलब्ध जातींच्या स्वफलन-दरांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात बहुसंख्य जाती परफलनाच्या टोकाला, काही थोड्या जाती स्वफलनाच्या टोकाला आणि उरलेल्या काही मिश्र पद्धतीच्या असल्याचे दिसून आले. स्वफलनाची क्षमता असणे आणि निसर्गात प्रत्यक्ष स्वफलन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या संशोधनाने स्पष्ट केले.

परफलनास साहाय्यक यंत्रणा

उभयलिंगी होऊ शकणाऱ्या गंतुकधारींमध्ये परफलन कसे घडते, याची अनेक कारणे ज्ञात आहेत.

रासायनिक संदेश : जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ वॉल्टर ड्यॉप यांनी १९५० मध्ये टेरिडियमच्या गंतुकधारी ज्या माध्यमात वाढल्या होत्या, त्यात लहान गंतुकधारींना नर अंगे तयार करण्यास प्रवृत्त करणारा पदार्थ असल्याचे दाखवले. अशा पदार्थांना पुढे अँथेरिडिओजेन हे नाव मिळाले. त्यांपैकी अनेक पदार्थ जिबरेलीन या वनस्पती-संप्रेरकांच्या गटातील आहेत. प्रथम रुजलेली व वेगाने वाढलेली गंतुकधारी मादी किंवा उभयलिंगी होते आणि हा पदार्थ सभोवताली सोडते. स्वतः ती एव्हाना त्याला प्रतिसाद देईनाशी झालेली असते; पण मागाहून रुजलेल्या शेजारच्या गंतुकधारी त्याच्या प्रभावाने लहान राहून नर बनतात. काही जातींत हा पदार्थ मातीत गाडल्या गेलेल्या बीजुकांना अंधारातही रुजवतो आणि त्यांपासून नर गंतुकधारी तयार होतात. लायगोडियम जापोनिकम या वेलीसारख्या नेच्यात या संदेशाचे काम मोठ्या व लहान गंतुकधारींमध्ये विभागलेले असल्याचे २०१४ मध्ये दिसून आले. मोठ्या गंतुकधारी संप्रेरकाचे अपूर्ण रूप बाहेर सोडतात आणि लहान गंतुकधारी ते शोषून त्याचे पूर्ण संप्रेरकात रूपांतर करतात.

कालभेद : अनेक जातींत एकाच गंतुकधारीवर नर व मादी अंगे एकाच वेळी पक्व होत नाहीत. हा कालावधी जितका मोठा, तितकी स्वफलनाची शक्यता कमी होते.

आयुर्मान : वृक्षांवर वाढणाऱ्या अनेक उष्ण कटिबंधीय नेच्यांची गंतुकधारी दीर्घायुषी असून शाखांनी पसरत जाते. त्यामुळे शेजारी दुसरी गंतुकधारी उगवेपर्यंत तिला वाट पाहता येते.

घातक जनुके : स्वफलन घडून आले तरी घातक अप्रभावी जनुकांमुळे त्याची संतती जगत नाही आणि परफलनाची संतती तेवढी शिल्लक राहते.

अनेक सपुष्प वनस्पती स्वतःचे पराग ओळखून नाकारतात, तशी यंत्रणा नेच्यांमध्ये निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही.

वरीलपैकी रासायनिक संदेशाच्या यंत्रणेचे वैशिष्ट्य असे की, ती परफलनाला चालना देते पण स्वफलनाचा मार्ग बंद करत नाही. प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर अभ्यासल्या जाणाऱ्या सेराटोप्टेरिस रिचर्डाय या नेच्याचे एकटे वाढवलेले बीजुक उभयलिंगी गंतुकधारी बनते. मात्र दाटीत वाढलेल्या बीजुकांपैकी बहुतेक नर होतात. शेजारी असतील तेव्हा परफलन व नसतील तेव्हा स्वफलन, अशी दुहेरी सोय त्यामुळे साधते.

जनुकीय भार व अंतःप्रजनन-ऱ्हास

समष्टीत दडून असलेल्या हानिकारक अप्रभावी जनुकांच्या एकूण प्रमाणाला जनुकीय भार म्हणतात. विषमयुग्मजी वनस्पतीत अशा जनुकाचा परिणाम त्याच्या निरोगी जोडीदारामुळे झाकला जातो. समयुग्मजी अवस्थेत तो उघड होतो. अंतःप्रजननामुळे संततीचा जोम, आयुर्मान किंवा प्रजननक्षमता घटण्याला अंतःप्रजनन-ऱ्हास म्हणतात.

नेच्यांमध्ये हा भार मोजण्याची पद्धत सोपी आहे. एका नेच्याची बीजुके तीन प्रकारे वाढवली जातात : प्रत्येक गंतुकधारी एकटी, त्याच नेच्याच्या दोन गंतुकधारींची जोडी, आणि दोन भिन्न नेच्यांच्या गंतुकधारींची जोडी. नियमितपणे पाणी घालून फलन होऊ दिल्यावर किती गंतुकधारींवर नवे नेचे उगवतात, हे मोजले जाते. मूळ नेच्यात एका जागी एक घातक जनुक लपलेले असेल, तर एकट्या वाढवलेल्या गंतुकधारींपैकी निम्म्यांवर नेचा उगवणार नाही. त्याच नेच्याच्या जोड्यांपैकी मात्र एक-चतुर्थांशच अयशस्वी ठरतील, कारण दोन्ही गंतुकधारींकडे ते घातक जनुक असण्याची शक्यता तेवढीच असते. परस्परांपासून स्वतंत्र अशी दोन घातक जनुके असल्यास एकट्या गंतुकधारींपैकी केवळ एक-चतुर्थांश यशस्वी होतात.

अशी घातक जनुके एकगुणित गंतुकधारीतच का नष्ट होत नाहीत, असा प्रश्न उपस्थित होतो. गंतुकधारीत प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे तिच्या स्वतःच्या वाढीला आवश्यक असलेले जनुक सदोष असेल तर ती तेथेच मरते. परंतु जी जनुके केवळ बीजुकधारी पिढीत कार्य करतात, त्यांतील दोष गंतुकधारीत प्रकट होत नाहीत. जनुकीय भार मुख्यतः अशाच जनुकांचा असतो.

सतत स्वफलन करणाऱ्या वंशावळीत घातक जनुके समयुग्मजी होऊन आपोआप गाळली जातात. त्यामुळे दीर्घकाळ अंतःप्रजनन करणाऱ्या जातींचा भार कमी आढळतो, तर परफलन करणाऱ्या जातींचा अधिक. रॉबर्ट लॉइड यांनी १९७४ मध्ये हवाई बेटांवरील नेच्यांच्या अभ्यासातून, नव्याने उघड्या झालेल्या जमिनीवर प्रथम वाढणाऱ्या जातींचा भार जुन्या, स्थिर अधिवासांतील जातींपेक्षा कमी असल्याचे दाखवले. अस्प्लेनियम प्लॅटिन्यूरॉन या उत्तर अमेरिकी नेच्यातही भार अल्प असल्याचे १९८३ मध्ये आढळले आणि त्याचा संबंध त्याच्या दूरवरच्या प्रसाराशी जोडण्यात आला.

बहुगुणितता व स्वफलन

बहुगुणित नेच्यांमध्ये स्वफलनाची क्षमता सामान्यतः द्विगुणित आप्तांपेक्षा अधिक आढळते. फेगोप्टेरिस डिकर्सिव्ह-पिनाटा या आशियाई नेच्याच्या चतुर्गुणित वनस्पतींच्या एकट्या गंतुकधारी सहज नवे नेचे निर्माण करतात, तर द्विगुणित वनस्पतींच्या गंतुकधारींना बहुधा दुसऱ्या गंतुकधारीची गरज भासते. याची दोन कारणे सांगितली जातात. जनुकाच्या जादा प्रतींमुळे घातक जनुकांचा परिणाम झाकला जातो, हे एक. दुसरे असे की, नव्याने निर्माण झालेल्या बहुगुणित वनस्पतीला स्वतःच्या गुणसूत्रसंख्येचा जोडीदार जवळपास मिळत नाही. स्वफलन न करू शकणारी अशी वनस्पती बहुधा वंश न वाढवताच नष्ट होते.

दोन जातींच्या संकरातून निर्माण झालेल्या बहुगुणित नेच्यात दोन्ही मूळ जातींचे गुणसूत्रसंच कायम असतात. प्रत्येक संचाची जोडी आपल्याच प्रकारच्या संचाशी जुळत असल्याने, स्वफलन झाले तरी दोन्ही जातींकडून आलेली भिन्न जनुके संततीत एकत्र राहतात. याला स्थिर विषमयुग्मजता म्हणतात. क्लेकोव्स्की व बेकर यांच्या मूळ कल्पनेचा हा भाग अशा तुलनेने नव्या बहुगुणित जातींना काही अंशी लागू पडतो.

प्रसार व नव्या प्रदेशातील वस्ती

एकट्याने प्रजनन करू शकणाऱ्या सजीवांना दूरच्या बेटांवर वस्ती करणे सोपे जाते, हे तत्त्व बेकर यांनी १९५५ मध्ये मांडले व ते ‘बेकरचा नियम’ म्हणून ओळखले जाते. समबीजुक नेच्यांना तो विशेषत्वाने लागू होतो. समुद्र ओलांडून आलेले एकच बीजुक योग्य जागी पडले आणि त्याच्या गंतुकधारीत घातक जनुके नसली, तर नवी वस्ती सुरू होऊ शकते. इंडोनेशियातील क्राकाटोआ बेटावरील सजीवसृष्टी १८८३ च्या ज्वालामुखी उद्रेकात नष्ट झाली. त्यानंतर १८८६ मध्ये मेल्खियोर ट्रोइब यांनी तेथे पाहणी केली, तेव्हा राखेने झाकलेल्या जमिनीवर नेच्यांच्या ११ जाती वाढलेल्या होत्या आणि वनस्पतींच्या आच्छादनात नेच्यांचेच प्राबल्य होते.

नेदरलँड्समध्ये १९४२ मध्ये समुद्राखालून बाहेर काढलेल्या जमिनीवर लावलेल्या काइंडरबॉस या जंगलात अस्प्लेनियम व पॉलिस्टिकम वंशांचे नेचे दूरवरून आलेल्या बीजुकांपासून वाढले. त्यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वफलनाची क्षमता या वस्तीस कारणीभूत असल्याचे दिसून आले. त्याचबरोबर एकाच जातीतील वेगवेगळ्या वनस्पतींमध्ये ही क्षमता कमीअधिक असल्याचेही आढळले. दूरच्या प्रवासानंतर ज्या वनस्पतींची बीजुके स्वफलन करू शकतात त्याच वसतात. त्यामुळे वस्तीच्या सीमेवर स्वफलनक्षम वंशावळींची आपोआप निवड होते.

आंतर-गंतुकधारी स्वफलनाचे प्रमाण मात्र मूळ नेच्याच्या जवळ अधिक असण्याची शक्यता असते. बहुतेक बीजुके मूळ नेच्यापासून काही मीटर अंतरातच पडतात. रेतुकांना पोहून जाता येणारे अंतर त्याहूनही कमी असल्याने, शेजारी उगवलेल्या गंतुकधारी पुष्कळदा एकाच नेच्याची संतती असतात.

मापनाच्या पद्धती

नैसर्गिक समष्टीतील अंतःप्रजनन सामान्यतः स्थिरीकरण निर्देशांकाने व्यक्त केले जाते. मुक्त परफलन होत असल्यास विषमयुग्मजी वनस्पतींचे जे प्रमाण अपेक्षित असते, त्याच्याशी प्रत्यक्ष आढळलेल्या प्रमाणाची तुलना करून तो काढतात. उदाहरणार्थ, ५० टक्के वनस्पती विषमयुग्मजी असणे अपेक्षित असताना प्रत्यक्षात ५ टक्केच आढळल्या, तर निर्देशांक ०.९ येतो. शून्य हे मुक्त परफलनाचे, तर १ हे विषमयुग्मजतेच्या पूर्ण अभावाचे निदर्शक असते. नेच्यांमधील गंतुकधारी-अंतर्गत स्वफलनाचा दर काढण्यासाठी केंट होल्सिंगर यांनी १९८७ मध्ये स्वतंत्र संख्याशास्त्रीय पद्धत विकसित केली.

या निर्देशांकाचा अर्थ लावताना सावधगिरी आवश्यक असते. परस्परांत फलन न होणारे दोन समूह चुकून एकच समष्टी धरले गेल्यास, प्रत्येक समूहात परफलन होत असूनही विषमयुग्मजी वनस्पती कमी असल्याचा आभास होतो. तसेच प्रयोगशाळेतील एकट्या गंतुकधारींच्या यशावरून निसर्गातील स्वफलनाचा दर थेट ठरवता येत नाही. म्हणून प्रयोगशाळेतील चाचण्या व नैसर्गिक समष्टींचे जनुकीय विश्लेषण यांचा एकत्रित विचार केला जातो.

अनिषेकजननाशी तुलना

स्वफलन व अनिषेकजनन यांची अनेकदा गल्लत होते. अनिषेकजनन करणाऱ्या नेच्यांत फलनाशिवायच गंतुकधारीच्या साध्या पेशींपासून नवा नेचा तयार होतो. विल्यम फार्लो यांनी १८७४ मध्ये टेरिस क्रेटिका या नेच्यात ही घटना प्रथम वर्णन केली. नेच्यांच्या सुमारे १० टक्के जातींत ही पद्धत आढळते. अशा बहुतेक नेच्यांच्या बीजुककोशात ६४ ऐवजी ३२ बीजुके असतात आणि त्यांच्यातील गुणसूत्रांची संख्या निम्मी झालेली नसते. दोन्ही पद्धतींत जोडीदाराची गरज नसते, पण परिणाम भिन्न असतात. अनिषेकजननात मूळ नेच्याची विषमयुग्मजता संततीत बहुतांशी जशीच्या तशी टिकते, तर गंतुकधारी-अंतर्गत स्वफलनात ती पूर्णपणे नष्ट होते.

संवर्धनातील महत्त्व

दुर्मीळ नेच्यांचे संवर्धन करताना त्यांची फलनपद्धती जाणणे आवश्यक असते. परफलन करणाऱ्या जातीची बीजुके एकाच वनस्पतीपासून गोळा करून विरळ पेरल्यास अनेक गंतुकधारींवर नेचे उगवतच नाहीत, किंवा उगवलेले नेचे एकाच वंशावळीचे राहतात. अशा जातींसाठी शक्य तितक्या अधिक वनस्पतींची बीजुके मिसळून दाट पेरणे हितावह ठरते. याउलट, स्वभावतः स्वफलन करणाऱ्या जातीच्या एका समष्टीत विविधता अत्यल्प असते आणि ती प्रामुख्याने वेगवेगळ्या समष्टींमध्ये विभागलेली असते. अशा जातीची एक मोठी समष्टी राखण्यापेक्षा अनेक लहान समष्टी राखल्यास तिची अधिक विविधता जपली जाते.

सद्यस्थिती

स्वफलन ही नेच्यांची सार्वत्रिक पद्धत आहे, हे १९६० च्या दशकातील मत आणि ते अपवादात्मक व नगण्य आहे, हे १९८० च्या दशकातील संशोधनातून काढले गेलेले अनुमान, या दोहोंमध्ये आता दुरुस्ती झाली आहे. एमिली सेसा, वेस्टन टेस्टो व जेम्स वॉटकिन्स यांनी २०१६ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार टोकाच्या स्वफलनाची क्षमता नेच्यांमध्ये व्यापक प्रमाणावर आढळते. बहुतेक नेचे संधी मिळेल तेथे परफलन करतात आणि एकाकी पडल्यास स्वफलनाने वंश चालू ठेवतात, असे चित्र उपलब्ध पुराव्यांतून समोर येते. सेराटोप्टेरिस रिचर्डायच्या ३९ गुणसूत्रांच्या संचाचा जनुकीय आराखडा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा आराखड्यांमुळे नेच्यांमधील बहुगुणितता, लिंगनिश्चिती व जनुकीय भार यांचा परस्परसंबंध जनुकांच्या पातळीवर तपासणे शक्य झाले आहे.

हेही पहा

नेचे
पिढ्यांचे एकांतरण
बहुगुणितता
जिबरेलीन
अनिषेकजनन